मारवाडचे अमल आणि आमची भाऊबीज

मारवाडात काय पाहिलेत, असे देवासात मला रोज कोणी ना कोणी विचारतो. वाळू पाहिली, उंट पाहिले, असे सांगून मी मोकळा होतो. पण खरे विचाराल तर तिथे माझ्या हातून एक सौदा झाला, आणि तो नेमका कशाचा झाला हे परत येऊन दोन महिने झाले तरी मला नीट उमगलेले नाही. म्हणून लिहायला बसलो आहे. ज्यांनी तो मुलूख पाहिलेला नाही त्यांना वाट कळेल, आणि लिहिता लिहिता मलाही काही कळले तर बरेच.

मी अफूचा आडत्या. वडील देवासच्या थोरल्या पातीच्या राजांच्या पागेत घोड्यांना दाणा घालीत. मी पोती वाहिली, तराजू धरला, शिव्या खाल्ल्या आणि आज टोंकखुर्दापासून कन्नौदपर्यंत कोणत्या शेतातला चीक कसा उतरेल हे नुसत्या वासावरून सांगतो. भाव ठरवताना माझा आवाज चढतो. लोक त्याला राग म्हणतात, मी त्याला धंदा म्हणतो.

माझे शेजारी आणि जुने मित्र केसरीमल हे मूळचे बाडमेरच्या पलीकडचे. देवासात त्यांचे कापडाचे दुकान आहे. दर दिवाळीनंतर ते गावी जातात आणि दर वेळी मला म्हणतात, "भिया, एक बार म्हारो देस तो देखो." या वेळी मी हो म्हटले. चीनला जाणारा माल दरसाल कमी होत चालला आहे. मारवाडात मात्र आमच्या माळव्याच्या अफूला अजून मान आहे. आपला माल जिथे जातो तो मुलूख एकदा डोळ्यांनी पाहावा, असा माझा विचार. बायको मथुरा आणि माझ्या सत्तरीच्या आत्याबाई बरोबर निघाल्या. निघण्याचा दिवस मथुरेने ठरवला. भाऊबीज. मी म्हटले, बरे.

त्या 'बरे'मागचे कारण सांगितले पाहिजे. मथुरेचे थोरले बंधू गोविंदराव धारच्या दरबारात कारकून आहेत. त्यांची कृष्णा आमच्या विनायकाला द्यायची हे आम्हां दोघांत ठरलेले होते. कृष्णा लहानपणी बापाबरोबर दर भाऊबीजेला आमच्याकडे येई. लाजाळू पोर. मी दुकानातून घरात आलो की कणगीमागे जाऊन बसे आणि मी बाहेर पडेपर्यंत निघत नसे. मला तिचे कौतुक वाटे. तीन वर्षांपूर्वी अक्षय्य तृतीयेला मी पंधरा माणसे घेऊन सुपारी फोडायला धारला गेलो. ताटात सुपारी ठेवलेली, भटजी बसलेले, आणि गोविंदराव माजघरातून बाहेरच येईनात. शेवटी आले, हात जोडले, "हे व्हायचं नाही," एवढेच म्हणाले आणि परत आत गेले. कारण नाही, काही नाही. पुढे कृष्णा कन्नौदला दिली. विनायकाचेही लग्न झाले. सून चांगली आहे, त्याबद्दल माझे म्हणणे नाही. पण पंधरा माणसांसमोर मी न फोडलेल्या सुपारीपासून उठलो. काय समजायचे ते समजलो. पागेवाल्याचा मुलगा! हा माणूस माझा उंबरठा ओलांडणार नाही, अशी मी त्याच दिवशी शपथ घेतली. तेव्हापासून मथुरेने भाऊबीजेला भावाऐवजी चंद्राला ओवाळले. या वर्षी तो दिवस प्रवासातच गेला तर मथुरेचे ते उतरलेले तोंड पाहावे लागणार नाही, असे मला वाटले.

इंदूर स्टेशन

पहाटेच्या टांग्याने निघून दुपारी इंदुरास पोचलो. गाडी महूहून आली. केसरीमल पुढे धावले, डबा धरला, आत्याबाईंचे गाठोडे आत टाकले. मी पायरीवर पाय ठेवला आणि पाहतो तर खिडकीशी शाल पांघरून गोविंदराव बसलेले! धारचे लोक महूला गाडी धरतात हे माझ्या ध्यानात यायला हवे होते.

मी मागे वळलो.

"वळतोस कुठे?" आत्याबाई म्हणाल्या. "माझं गाठोडं आत गेलंय."

"हे इथे कसे?" मी मथुरेला विचारले. तिने नेहमीप्रमाणे डोळे खाली घातले. उत्तर केसरीमलांनी दिले, "म्हने बुलाया, भिया. ई म्हारा बी दोस्त हे. डब्बो कई तमारे एकला को हे?"

शिटी झाली. मी चढलो. पण अटी मी घातल्या. "तुझ्या भावाला सांग, खिडकीची जागा माझी."

"दादा, हे म्हणतात..."

"ऐकलं मी," गोविंदराव म्हणाले आणि सरकले. इतक्या लवकर सरकले की मला आणखी काही मागायला हवे होते असे वाटले.

फतेहाबाद मागे पडल्यावर मथुरेने ट्रंक उघडली. साड्यांच्या खालून तबक निघाले, निरांजन निघाले, कुंकवाची डबी निघाली. म्हणजे हे सगळे आधीपासून शिजत होते.

"गाडीत दिवा पेटवायचा नाही," मी म्हटले.

"मग उतरल्यावर?"

"उतरेपर्यंत भाऊबीज संपली."

"कार्तिकी पौर्णिमेपर्यंत चालते," आत्याबाई म्हणाल्या.

"कोणी सांगितलं?"

"मी सांगते. पुरे नाही का?"

आत्याबाईंशी वाद घालण्यात अर्थ नसतो, म्हणून मी दुसऱ्या बाजूने आलो. "भाऊ बहिणीच्या घरी येतो, पाटावर बसतो, मग ती ओवाळते. रीत आहे ती. इथे घर कुठाय?"

मथुरेने तबक परत साड्यांखाली ठेवले. मी खिडकीतून बाहेर पाहिले; गहू पेरायला नांगरलेली काळी राने रतलामपर्यंत सरत नव्हती.

जोधपूरच्या पुढे

रतलाम, अजमेर, मारवाड जंक्शन, जोधपूर. गाड्या बदलल्या, धर्मशाळेत पाठ टेकली, ते सांगण्यासारखे नाही. जोधपूर सोडले आणि काळी जमीन जणू कोणी पुसून काढली. आधी लालसर माती, मग पिवळी, मग नुसती वाळू, आणि तिच्यावर वाऱ्याने ओढलेल्या रेघा. मधून मधून खेजडीची झाडे. त्यांच्या फांद्या शेळ्यांसाठी वरपासून छाटलेल्या, त्यामुळे झाड मूठ आवळून उभे असल्यासारखे दिसते. बाजरीची कापणी झालेली. गावे इतकी लांब लांब की एक दिसेनासे झाल्यावर दुसरे येईल याची खात्री वाटत नाही.

आमच्या देवासात एकाच रस्त्याच्या एका हाताला थोरल्या पातीचे राज्य आणि दुसऱ्या हाताला धाकट्या पातीचे. कोणत्या दगडाला कोणाचा शिपाई हे आमची शेळीही जाणते. इथे कोसन् कोस कसली हद्दच दिसेना. मी केसरीमलांना विचारले, "ही जमीन कोणाची?" ते म्हणाले, "जिनने पानी काढ्यो, उनकी." मी पुढे विचारले, "आणि पाणी कोणाचं?" ते हसले.

गोविंदराव हे ऐकत होते. त्यांनी आपल्या डब्यातले धारचे अनारसे काढून मथुरेकडे दिले, तिने आत्याबाईंना दिले, आत्याबाईंनी एक माझ्या पुढ्यात ठेवला. मी खाल्ला नाही. बालोतऱ्याच्या पुढे भूक लागली तेव्हा पाहिले, तर तो आत्याबाईंनीच खाल्ला होता.

बाडमेर

खडकाळ टेकड्यांच्या पायथ्याशी गाव. इथून केसरीमलांच्या गावापर्यंत उंटाने दोन मजला, म्हणजे दोन दिवसांची वाट. उंट ठरवण्याचे काम मी अंगावर घेतले, कारण ते माझे काम. उंटवाला रायका जातीचा, लाल पागोट्याचा, डोळ्यांच्या फटी बारीक. त्याने आकडा सांगितला. मी हसलो. मी माझा आकडा सांगितला. तो चिलीम ओढू लागला. मी थोडा चढलो. तो चिलीमच ओढत राहिला. मी आवाज चढवला, पागोटे सारखे केले, पाठ फिरवून दहा पावले गेलो. आमच्या बाजारात दहाव्या पावलाला हाक येते. वळून पाहतो तर तोही उठून उंट घेऊन उलट्या दिशेला चाललेला!

"हाक मार त्याला," आत्याबाई ओरडल्या, "नाहीतर माझ्यासाठी तूच खाली बस."

शेवटी केसरीमल धावत गेले, त्यांनी त्याच्या बापाची, गावाची, उंटाच्या आईची चौकशी केली, आणि रायका पहिल्याच आकड्यावर हसत परत आला. माझ्याकडे बोट दाखवून तो काही म्हणाला. केसरीमलांनी ते मला सांगितले नाही. बरेच खोदून विचारल्यावर म्हणाले, "वो पूछे हे, ई आदमी नाराज किस बात पे हे? ऊंट ने कई कर्यो?"

मी नाराज नव्हतोच. मी भाव करत होतो.

उंट आधी मागच्या पायांवर उठतो, हे मला कोणी सांगितले नव्हते. मी त्याच्या मानेवरून सरळ वाळूत आलो. तोंडात वाळू, पागोटे एकीकडे. मथुरा पदराआड हसली. आणि मला उठवायला जो हात पुढे आला तो गोविंदरावांचा होता. मी दोन्ही हात वाळूत टेकून स्वतःचा स्वतः उठलो.

त्या दिवशीचे आणखी एक सांगतो. दुपारी एका विहिरीवर थांबलो. तिथे तिला बेरी म्हणतात. तोंड हातभर, खोली कळत नाही. एक बाई दोर ओढत होती. तिने आम्हां सगळ्यांना ओंजळीने पाणी पाजले, आधी आत्याबाईंना. पाणी मचूळ, पण थंड. मी कनवटीचे नाणे काढून पुढे केले. तिचे तोंडच फिरले. राहिलेले पाणी तिने उंटाच्या कुंडीत ओतले आणि घागर उचलून चालू लागली.

"पाणी विकत घेतात का, अहो!" मथुरा म्हणाली.

मी म्हटले, "फुकट घेतलं तर उपकार राहतो." मला ते अजूनही बरोबर वाटते. पण ती बाई रागावली हेही खरे.

भोमजींची ढाणी

मुक्काम भोमजी नावाच्या म्हाताऱ्या राजपुताच्या ढाणीवर होता. ढाणी म्हणजे रानातली वस्ती. चार गोल झोपड्या, वर गवताची टोपी, भोवती काट्यांचे कुंपण, आणि कुंपणाला जिथे खिंड तिथून आत जायचे. दार नाही, चौकट नाही, उंबरठा नाही. केसरीमलांच्या घराण्याची आणि यांची तीन पिढ्यांची ओळख. भोमजींची पांढरी दाढी मधोमध दुभंगून कानांकडे वळवलेली. "पधारो सा, पधारो," म्हणत ते उंटापर्यंत सामोरे आले.

आम्हांला बाजेवर बसवले. बाजरीचे सोगरे म्हणजे जाड भाकरी, वर खड्डा पाडून तूप, कैर नावाच्या रानफळांची आणि सांगऱ्यांची भाजी, ताकाची राबडी. सांगऱ्या त्याच खेजडीच्या शेंगा. आमच्याकडे पंगतीत आग्रह करतात तो तोंडाने. इथे भोमजी घास हातात घेऊन तुमच्या ओठांशी आणतात. मी ताटावर आडवा हात धरला. त्यांनी तो उचलून बाजूला केला आणि घास भरवला. या माणसापुढे भाव करायला जागाच सापडत नाही.

जेवताना मला मीठ हवे होते. मीठ गोविंदरावांच्या पुढे. मी आत निघालेल्या मथुरेला हाक मारली, "तुझ्या भावाला सांग, मीठ इकडे दे." ती परत आली, तिने सांगितले, मीठ आले. भोमजी आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिले. मग ते उठून बायकांच्या झोपडीशी गेले आणि बराच वेळ बोलत उभे होते.

सूर्य कलला. केसरीमल जैन; सूर्यास्ताआधी वेगळे जेवायचे म्हणून आपला डबा घेऊन टेकाडाआड गेले. त्यामुळे पुढच्या प्रकाराच्या वेळी भाषा समजावणारे कोणी जवळ नव्हते, एवढे लक्षात ठेवा.

भोमजींचे पाचसहा भाऊबंद येऊन गोल बसले. एकाने लाकडी खलात अफू घोटली, पाणी घातले, आणि कापडाच्या पिशवीतून तांबूस पाणी थेंब थेंब गाळले. याला ते अमल म्हणतात. माझ्या मालाचा हा शेवटचा मुक्काम! तीस वर्षे मी तो पाठवत होतो आणि तो कुठे पोचतो हे आज पाहत होतो. मला बरे वाटले. मग भोमजींनी गोविंदरावांचा उजवा हात मनगटाला धरून पुढे ओढला, तळव्याची वाटी करवली, तिच्यात अमल ओतले आणि तो तळवा माझ्या तोंडापाशी आणला. सगळे माझ्याकडे पाहू लागले.

मी जे समजलो ते सांगतो. हा माळव्याचा आडत्या आहे, याने माल पारखून सांगावे, अशी यांची इच्छा आहे. पेला नसेल म्हणून हात धरला आहे. हात कोणाचा, याला पारखीत महत्त्व नाही. मी वाकलो, वास घेतला. वासात काहीतरी कमी होते. जिभेला लावल्याशिवाय नक्की सांगता येईना. मी घोट घेतला.

"काथ मिसळलाय," मी म्हटले.

"रंग है!" सगळे एकदम ओरडले. भोमजींनी माझा हात ओढला, त्यात ओतले, आणि गोविंदरावांनी माझ्या तळव्यातून ते प्यायले. पिताना त्यांनी माझ्याकडे पाहिले. तीन वर्षांत पहिल्यांदा. "रंग है! रंग है!" म्हाताऱ्याने आम्हां दोघांच्या मानेत हात घालून आमची डोकी एकमेकांवर आपटली.

केसरीमल तोंड पुसत आले आणि जागीच थांबले. "भिया, यो कई कर्यो?"

"माल पारखला."

"माल नी, भिया. तमने बैर खतम कर्यो. दुश्मन की हथेली से अमल पियो, तो झगड़ो मिट्यो. अब तम दोई कदी जूनी बात नी निकाल सको."

मी उसळलो. काथ मिसळलेला माल! पारख म्हणून घेतलेला घोट! असा सौदा कोणत्या बाजारात धरतात? मी भोमजींना तसे सांगायला लावले. माझा आवाज चढलेला होता. बाजूला बसलेला उंट उठून उभा राहिला.

भोमजी शांतपणे म्हणाले, आणि केसरीमलांनी मला सांगितले, "काथ असो की माती असो. हथेलीतून घेतलं ते घेतलं. माझ्या अंगणात घेतलं. आता तुमच्यापैकी कोणी जुनी गोष्ट विचारली तर माझी पगडी गेली."

"एकच प्रश्न," मी म्हटले. "एक विचारतो, मग खुशाल मिटलं."

"नाही."

"कारण तेवढं. एका शब्दात."

"नाही."

"त्यांनी आपणहून सांगितलं तर?"

भोमजींनी दाढीवरून हात फिरवला. "ते त्यांचं. तुम्ही विचारायचं नाही."

तीन वर्षे मी तो प्रश्न जपून ठेवला होता. कधीतरी चार माणसांत, त्यांना पळता येणार नाही अशा जागी, तोंडावर विचारायचा. आणि तो मी एका घोटात घालवून बसलो होतो. मला राग यायला हवा होता. पण राग नेमका कोणावर धरायचा हेच कळेना, आणि तो हाताशी येण्याआधीच निसटू लागला. अमलाने असे होते म्हणतात. मी तर जेमतेम घोटभरच घेतले होते.

तेवढ्यात मागून मथुरेचा आवाज आला. "घर कुठाय म्हणाला होतात ना? या म्हणतात, हे तुझंच घर."

तिच्या शेजारी भोमजींची म्हातारी उभी होती. सारवलेल्या अंगणात पाटाऐवजी उंटाची घोंगडी घडी करून घातली होती. निरांजन आमचेच, पण तेल सांडून गेलेले, म्हणून म्हातारीने बाजरीच्या पिठाचा दिवा करून तुपात पेटवला होता. गोविंदराव घोंगडीवर बसले. धारच्या दरबारात ताठ बसणारा तो माणूस तिथे पोरासारखा मांडी घालून बसला होता. मथुरेने कुंकू लावले, ओवाळले. मग परत ओवाळले. मग आणखी एकदा.

"तीनदा का?" मी हळूच विचारले.

"तीन वर्षांची आहे," आत्याबाई म्हणाल्या.

मी कुंपणाच्या खिंडीत उभा होतो. आत की बाहेर, सांगता येणार नाही. तिथे रेघच नव्हती. नंतर मी मथुरेला विचारले, "तू त्या बायकांना काही सांगितलं होतंस?" ती म्हणाली, "मला कुठे त्यांची भाषा येते?" पण जेवणाआधी चुलीपाशी बसून ती त्यांच्याबरोबर पोट धरून हसताना मी पाहिली होती.

परत

केसरीमलांच्या गावी आठ दिवस राहिलो. तळ्यावरचे करकोचे पाहिले, सोगरे खाऊन दात दुखले, आत्याबाईंनी रायक्याला पान खायला शिकवले. गोविंदराव आणि मी बोललो म्हणण्यासारखे बोललो नाही, पण मीठ मी आपल्या हाताने घेऊ लागलो. केसरीमल गावीच राहिले, आम्ही चौघे परतलो.

परतीच्या वाटेवर इंदूर आधी येते, महू नंतर. आम्ही उतरलो, ते डब्यातच राहिले. मी फलाटावर खिडकीशी उभा होतो. गाडी सुटायला वेळ होता.

"तुम्ही विचारलं नाहीत," गोविंदराव म्हणाले.

"अमल घेतलंय," मी म्हटले. सरळ त्यांनाच. मग, का ते ठाऊक नाही, पुढे म्हणालो, "पुढल्या भाऊबीजेला देवासला या. कृष्णा माहेरी आली असली तर तिलाही आणा."

त्यांनी खिडकीचा गज धरला. "विचारून पाहतो," ते म्हणाले. "नक्की नाही सांगत. ती लहानपणापासून फार भिते तुम्हांला. त्या दिवशी माजघरात माझे पाय धरून बसली होती."

गाडी हलली. मी दोन पावले तिच्याबरोबर चाललो आणि थांबलो. पागेचे काही नव्हते. दाण्याचे, घोड्यांचे काही नव्हते. कणगीमागे लपून बसलेली पोर मला दिसली, आणि ती लाजत नव्हती.

बाहेर देवासचा टांगेवाला उभा होता. त्याने भाडे सांगितले. ते जास्त होते; कोणीही सांगेल की जास्त होते. मी पागोटे सारखे केले आणि तोंड उघडले, आणि तेवढ्यात शेजारी उभ्या मथुरेने डोळे खाली घातले. नेहमीप्रमाणे. ती नेहमीच तसे करते हे मला ठाऊक होते. ते ती का करते हे मी कधी पाहिलेच नव्हते.

"बसा," मी म्हटले.

"किती ठरलं?" आत्याबाईंनी चढता चढता विचारले.

"तो म्हणाला तेवढं."

त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.